मिरिचचा सखाराम

आमच्या खानावळीत माणूस यायचा तो कुणाच्या तरी ओळखीने. मेव्हण्याने सांगितलं, गिरणीत साच्यावरच्या जोडीदाराने सांगितलं, गावच्या मास्तरांनी पाठवलं, असा कोणीतरी मागे असायचाच. सखाराम तेवढा वासावर आला. रविवारची दुपार होती, आई बांगड्याचं तिखलं करत होती, आणि दारात एक उंच, सावळा, कोट-टायवाला गृहस्थ स्वतःचे बूट हातात धरून उभा. बूट त्याने खालच्या पायरीलाच काढले होते आणि दोन मजले हातातून वर आणले होते. मी तेव्हा म्युनिसिपालिटीच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मला वाटलं, हा विमेवाला. मी म्हटलं, "आम्हाला काही नकोय हो."

तो म्हणाला, "बाय, माका हय जेवण गावात?"

म्हणजे इथे जेवायला मिळेल का. आता हे आमचंच बोलणं, त्यात नवल काही नाही. पण टाय लावून असं बोलणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता, आणि बोलण्याचा हेलही आजचा नव्हता. आईने डाव भांड्यात सोडला आणि वळून बघत राहिली. नंतर मला म्हणाली, "गो, माझी आजी बोलली असा वाटला."

तो होता मॉरिशसचा. त्याच्याकडचे जुने लोक मॉरिशसला मिरिच म्हणायचे, तोही तेच म्हणायचा. तिथून तो शिष्यवृत्ती मिळवून मुंबईला डॉक्टरी शिकायला आला होता. परळला कॉलेज, तिथेच वसतिगृह, आणि तिथलं जेवण घशाखाली उतरत नाही म्हणून परळहून लालबागपर्यंत वास घेत हिंडत होता. मराठी त्याला त्याच्या आजीने शिकवलेली. त्या आजीनेही कधी कोकण पाहिलं नव्हतं. बरणीत घालून वर दादरा बांधलेलं लोणचं असावं तशी ती भाषा त्या बेटावर राहिली होती. इंग्रजी आणि फ्रेंच तो साहेबासारखं बोलायचा. मराठी बोलायला लागला की ऐंशी वर्षांचा शेतकरी.

सखाराम हे त्याचं नाव नव्हे. नाव गणेश. घोटाळा पहिल्याच पंगतीला झाला. धोंडूकाका म्हणून आमचे सगळ्यात जुने मेंबर होते, मिलमध्ये विणकर. त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "आडनाव काय म्हणालास?"

"सखाराम."

"ता बापाशीचा नाव रे. आडनाव सांग."

"बापाशीचा नाव विठ्ठल. आडनाव सखाराम."

पंगत हसली. मग त्याने समजावून सांगितलं. त्याचा पणजा, म्हणजे पणजोबा, उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेला, बोटीतून उतरला, कारकुनाने नाव विचारलं, हा म्हणाला सखाराम. कारकुनाने तेच लिहिलं आणि पुढे तेच सगळ्या घराण्याला चिकटलं. खरं आडनाव गेलं ते गेलंच. गावाचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं, घरात सगळे नुसतं 'गाव' म्हणायचे. एका बाजूला नदी, मध्ये देवळाची घाटी, घरापुढे फणस, एवढीच खूण. धोंडूकाका म्हणाले, "ह्यो आमचोच गाव." बाजूचे सावंत म्हणाले, "नाय, आमचो." असे चार-पाच गाव झाले आणि जेवणं उरकून सगळे उठले.

पण त्या दिवसापासून चाळ त्याला सखाराम म्हणायला लागली. त्याने एकदा मला म्हटलं होतं की इथे रोज सगळे मला त्या म्हाताऱ्याच्या नावाने हाक मारतात आणि मी ओ देतो. मला तेव्हा त्यात एवढं काय आहे ते कळलं नाही. मी म्हटलं, "मग देऊ नका ओ."

मुंबईचा त्याला फार राग आला होता. राग म्हणण्यापेक्षा हिरमोड. बेटावर असताना त्याने मनात एक मुंबई बांधली होती. बोटीतून उतरायचं आणि कोणीतरी म्हणायचं, आलास का रे, फार उशीर केलास. प्रत्यक्षात हमाल हिंदीत बोलला, टॅक्सीवाला पंजाबीत, दुकानदार गुजरातीत, आणि पोलिसांच्या कचेरीत त्याला एक कागद मिळाला त्यावर तो परदेशी असल्याचं लिहिलेलं. "मिरिचात माका मराठो म्हणतत," तो म्हणाला, "आणि मराठ्यांच्या मुलखात परदेशी." तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने गिरणगाव पेटलेलं होतं. भिंतीभिंतीवर मुंबई आमची म्हणून लिहिलेलं. तो ते वाचायचा आणि मला विचारायचा, "आमची म्हणजे कोणाची? माझी धरून की माका सोडून?" मी म्हणायचे, "आधी आम्हाला तरी मिळू दे, मग तुमचं बघू."

आल्या आल्या त्याने एकदा मार खायची वेळ आणली होती. लालबागच्या मासळीबाजारात आई त्याला बरोबर घेऊन गेली, आणि हा म्हाताऱ्या बायकांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. एकीपाशी थांबायचा, चेहरा निरखायचा, पुढच्या बाईकडे जायचा. शेवटी एका कोळणीने कोयता खाली ठेवला आणि विचारलं, "काय रे मेल्या, घरात आया-भैनी हाईत का न्हाय?" हा शांतपणे म्हणाला, "आसत. तेंच्या तोंडावळ्याची कोण गावता काय ता बघतंय." कोळीण गोंधळली. आईने त्याच्या दंडाला धरून ओढून बाहेर आणलं आणि घरी येईपर्यंत शिव्या दिल्या. तो निमूट ऐकत होता. मला वाटतं, त्याला त्या शिव्या आवडत होत्या.

आता त्याची सवय सांगते. हा माणूस न सांगता जागचा हलत नसे. पाणी प्यायला उठला तरी सांगून उठायचा. "मावशे, मी नळार जातंय, हात धुवन येतंय." "मावशे, मी खाली सिगरेट ओढूक जातंय, ओढून झाली की येतंय." सगळे मेंबर आईला मावशी म्हणायचे, तोही म्हणायचा. आणि सांगायचा तो बायकांनाच. घरात दहा पुरुष बसलेले असोत, आई मोरीत असेल तर तिथपर्यंत जाऊन सांगायचा. मेंबरांना चेष्टेला विषय मिळाला. कोणी शिंकायला लागला तरी म्हणायचा, "मावशे, मी शिंकून येतंय." तोही हसायचा, पण सवय सोडली नाही.

दुसरी गोष्ट मिठाची. मीठ तो ताटात घ्यायचा नाही. एकदा आई आमटीत मीठ घालायलाच विसरली. पंगतीत ओरडा झाला, वाटी फिरायला लागली, आणि हा आपला अळणी आमटी भुरकतोय. आईचा मान दुखावला. आमटी वाईट झाली तर झाली, पण ती गुपचूप खाऊन तिच्यावर उपकार करणारा माणूस तिला सहन व्हायचा नाही. तिने वाटी त्याच्या ताटापुढे आपटली. "मीठ घे."

तो म्हणाला, "आमच्या घरात पानार बसल्यावर मीठ मागणत नाय."

"कित्या?"

तेव्हा त्याने सांगितलं. त्याचा पणजोबा बायकोला बंदरावर मीठ आणायला जातो सांगून घरातून निघाला होता. बंदरावर मजूर भरणारा दलाल भेटला. त्याने सांगितलं, मिरिचला दगड उलटला की खाली सोनं. सखाराम तसाच बोटीत चढला. घरात बायको होती, कडेवर मुलगी होती. बायको वाट बघत बसली असणार, कारण मीठ आणायला किती वेळ लागतो? तिकडे त्याने दगड उलटले, ऊस तोडला, दुसरी बायको केली, मुलं झाली. मरताना मात्र तो एकच गोष्ट बोलत राहिला. तिला सांगितलं नाही. तिला कोणीतरी जाऊन सांगा. मुलांना तेव्हा कळलं की आपण कोणाच्या वाटणीचं खाऊन वाढलो. तेव्हापासून त्या घरात कोणी पुरुष बायकांना न सांगता उंबरा ओलांडत नाही, आणि पानावर बसून मीठ मागत नाही. आणि जो कोणी पहिला मुंबईला जाईल त्याने तिच्या माणसांना शोधून पाया पडायचं, असं आजीने या गणेशकडून वदवून घेतलं होतं.

"म्हणान मी इलंय," तो म्हणाला. "डाक्टरी ह्या निमित्त."

मी आईकडे बघितलं नाही, कारण बघायची गरज नव्हती.

इथे मला आमच्या घरचं सांगायला हवं. माझे वडील बोटीवर खलाशी होते. मी पाळण्यात असताना ते गेले. सुरुवातीला कोणा ना कोणाकडून निरोप यायचा, मग तोही बंद झाला. बोट बुडाल्याचं कधी ऐकलं नाही. कुठल्या तरी बंदरावर त्यांना माणसं मिळाली असणार, असं चाळ समजायची आणि मीही समजायचे. आई ठसठशीत कुंकू लावायची. कोणी विचारलं तर "बोटीर आसत" एवढंच म्हणायची. वटपौर्णिमेला बायकांत बसायची, हळदीकुंकवाला जायची. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं होतं, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा कधी विचारलं नाही. चाळीतही कोणी तोंड उघडलं नाही. आमची चाळ भांडकुदळ होती, चोंबडी होती, पण या एका बाबतीत तिने इतकी वर्षं आईचं झाकलं.

आणि हा सातासमुद्रापलीकडून आला तो हेच बोलायला. बरं, त्याला काय ठाऊक? तो आपला रोज भाताच्या वाफेपुढे बसून म्हणायचा, "मावशे, तिना काय केला आसतला गो? तिका कोणी सांगला आसतला? ती कुकू पुसून टाकी की ठेवी?" आई म्हणायची, "माका काय म्हायत. जेव." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी त्याला जिन्यात गाठून सांगितलं की जेवताना तुमच्या पणजीचं पुराण पुरे करा, लोक कंटाळले. तो इतका ओशाळला की मलाच कसंतरी झालं. म्हणाला, "ती माझी पणजी न्हय. पणजो तिच्याकडेच रवलो आसतो तर मी जन्माकच इलंय नसतंय." त्यानंतर काही दिवस तो खाली मान घालून जेवायचा. आईनेच एकदा विचारलं, "काय रे, तोंड शिवलंस?" आणि त्याचं सुरू झालं पुन्हा.

चळवळीचा जोर वाढला तशी आमच्या पटांगणात सभा व्हायला लागली. कोणाच्या तरी डोक्यात आलं की सखारामला उभा करू. परदेशातला मराठी माणूस आपल्या बाजूने बोलला म्हणजे केवढा प्रभाव. त्याच्याकडून दोन वाक्यं पाठ करून घेतली होती. तो बाकावर चढला, कोटाची बटणं लावली, समोर सगळं गिरणगाव बसलेलं, आणि हा म्हणाला, "माझ्या पणज्यान हयसरल्या एका बायलेक फसवल्यान. ती कोण ता माका म्हायत नाय. तुमच्यातल्या कोणाच्या घरातली आसात तर मी पाया पडूक इलंय. अशी कोण तुमच्या घरात आसा काय, जिचो घोव गेलो आणि परत येवक नाय?"

आता ही सभा कोणाची? अर्धे पुरुष असे की बायका गावाला, आपण मुंबईत. होळी-गणपतीला जायचं ते जायचं. काहींचं तेही सुटलेलं. एक-दोघांनी इथेच बाई ठेवलेली, गावी नुसतं नाव. त्यांच्या तोंडावर हा विचारतोय, कोणाचा नवरा गेला आणि परत आला नाही. टाळी कोणी वाजवली नाही. पुढचा वक्ता घाईघाईने उठला आणि त्याने घोषणा दिली, तेव्हा सगळ्यांनी गरजेपेक्षा मोठ्याने ती परतवली.

दुसऱ्या दिवसापासून मेंबर त्याच्यावर उखडले. सावंत म्हणाले, "ह्यो येता आणि आमच्या जेवणात माती घालता." दोघांनी तर खानावळ बदलली. पण त्याच आठवड्यात धोंडूकाका सुट्टी टाकून गावी गेले. ना होळी, ना गणपती. परत आले तेव्हा आम्ही विचारलं, काय झालं होतं गावी? तर म्हणे, "काय नाय. बायल बघून इलंय."

बायका मात्र एकेक करून येत राहिल्या. कोणाचा आजा मिरिचला गेलेला, कोणाचा भाऊ लढाईवर, कोणाचा मामा नुसताच गेलेला. त्याला सगळं ऐकवायच्या. तो प्रत्येकीला विचारायचा, नदी होती का, फणस होता का, कडेवर मुलगी होती का. नेहमी काहीतरी चुकायचं. आणि आई तिथेच परातीशी बसून भाकऱ्या थापत असायची.

गोळीबार झाला, संचारबंदी लागली, त्यात एकदा तो आमच्याकडेच अडकला. गल्लीत शिट्ट्या, वरून दगड, खालून धूर. पुरुष गॅलरीत जायचे आणि बायका त्यांना आत ओढायच्या. हा एकटाच परवानगी मागून जायचा. इस्पितळात जखमी येत असणार म्हणून त्याचा जीव वर-खाली होत होता, पण बाहेर पडणं शक्य नव्हतं. आईने त्याला खलबत्ता दिला आणि मसाला कुटायला बसवलं. कुटता कुटता तो म्हणाला, "मावशे, तुझे घोव खंयच्या बोटीर आसत? मी मिरिचात बंदरार इचारून बघीन."

आई म्हणाली, "बारीक कुट. भरड रवली आसा."

संचारबंदी उठल्यावर तो इस्पितळाकडे धावत गेला. जाताना सांगून गेला, तेवढ्या घाईतही.

तो पास होत होत डॉक्टर झाला. एकदा नापासही झाला, तेव्हा आईने त्याला असा झापला की मेंबरांना त्याची दया आली. एव्हाना त्याने कोकणातली गावंच्या गावं पालथी घातली होती. प्रत्येक मे महिन्यात बोटीने जायचा, भाजून काळा होऊन यायचा. काही मिळालं नाही. शोधायची माणसं मिळाली नाहीत यापेक्षा आजीला शब्द दिला होता याचंच त्याला जास्त लागलेलं. वाळत चालला होता. आणि परत जायचे दिवस आले.

त्याच सुमारास महाराष्ट्र राज्य झालं. लालबागला रोषणाई, पेढे, काय विचारू नका. आमच्या खोलीत धोंडूकाकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे काही चांगलं झालं की देवाला सांगायचं आणि वाईट झालं की देवाकडेच कागाळी करायची, ती गाऱ्हाण्यातून. एकाने मोठ्याने बोलायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. धोंडूकाकांचं घराणं गावात पिढ्यान्‌पिढ्या गाऱ्हाणं घालणारं. राज्याचं गाऱ्हाणं झोकात झालं. नारळ फुटला, खोबरं वाटलं.

मग सखाराम पुढे झाला. म्हणाला, "काकानु, माझा एक गाऱ्हाणा घालशात? मी आता जातलंय. पुन्हा येवक गावतला काय ता सांगता येणा नाय."

कोणाचं गाऱ्हाणं ते कोणी विचारलं नाही. ज्यांनी त्याच्यावर डाफरून खानावळ सोडली होती तेही त्या दिवशी आले होते. दुसरा नारळ आला. धोंडूकाकांनी डोक्याला टॉवेल बांधला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या तुझ्या लेकरान, दर्यापल्याडसून येवन, तुका ह्यो नारळ ठेवल्यान आसा, तो मान्य करून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हेचो पणजो, सखाराम, घरातल्या लक्षुमेक फसवून, पदरात पोर टाकून, दर्यापार गेलो. तेची ती चूक झाली म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आवाज जरा खाली आला होता.

"तर ती लक्षुमी..." धोंडूकाका थांबले. वळून सखारामला म्हणाले, "नाव काय तिचा?"

नाव त्याला ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. पणजोबा जुना माणूस, बायकोचं नाव तोंडाने घ्यायचा नाही. मरेपर्यंत तो 'ती' म्हणाला आणि मेला. मुलांनी विचारलं नाही, आजीलाही सुचलं नाही, आणि हा इतकी वर्षं नदी आणि फणस विचारत हिंडला.

"नाव नाय तर देवाक काय सांगू?" धोंडूकाका म्हणाले. चिडून नव्हे. त्यांना खरंच पुढे जाता येत नव्हतं. "कोणाची माफी ता देवाक कळाक नको?"

कोणीतरी हळूच म्हणालं, नुसतं लक्ष्मी म्हणा. धोंडूकाकांनी मान हलवली. असं कुठलंही नाव घालता येत नाही.

"माझा घाल."

आई चुलीपाशी उभी होती. हाताला पीठ.

"माझा नाव घाल," ती पुन्हा म्हणाली. "द्वारका."

त्या खोलीतल्या निम्म्या माणसांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. सगळ्यांना ती मावशी. मला रेशनकार्डावरून तेवढं ठाऊक. पण नावाचा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षं 'बोटीर आसत' म्हणणाऱ्या बाईने सगळ्या पंगतीपुढे सांगितलं होतं की मीच ती, मला टाकलेलं आहे. कोणी मान वर केली नाही. धोंडूकाकांनी माझ्याकडे पाहिलं.

ते पुन्हा समोर वळले. "ही द्वारका म्हाराजा. हिका सांगल्याशिवाय, हिका वाटेर बसवन, जो कोण गेलो, आणि जे कोण गेले," इथे ते जरा थांबले, "त्या सगळ्यांची चूक हिच्या पायाकडे ठेवलेली आसा. ती पोटात घालूची काय नाय ता हिचा ही बघीत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मेंबर म्हणाले. सावंत रडत होते. त्यांची बायको पोरांना घेऊन गावी होती आणि ते इथे दुसरा संसार करून होते.

सखाराम आईच्या पायाशी बसला. त्याला आता कुठे कळलं होतं. हाच माणूस रोज तिच्या हातचं जेवून तिला विचारत होता की तिने कुंकू पुसलं असेल की ठेवलं असेल. "मावशे," तो म्हणाला, "मी काय काय बोललंय गो तुका." बस, एवढंच. पणजोबाचं राहिलंच बाजूला.

आईने पिठाचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला नाही. पाय मात्र मागे घेतले नाहीत. म्हणाली, "तुका मी माफ केलंय. तुझ्या पणज्याक पण केलंय, तिच्या वतीन." मग माझ्याकडे बघून, मला ऐकू जाईल असं, "हिच्या बापाशीक नाय."

'हिच्या' म्हणजे माझ्या. तिने वळून तवा पुन्हा चुलीवर चढवला. भाकऱ्या राहिल्या होत्या.

मला वाटलं होतं, ओझं उतरलं म्हणून सखाराम हलका होईल. झालं उलटंच. राहिलेले दिवस तो आमच्या दारात यायचा तो चोरासारखा. मला म्हणाला, मी एका बाईची माफी मागायला आलो आणि दुसऱ्या बाईचं घर उघडं केलं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. आई कधी नव्हे ती दुपारची आडवी होऊन झोपायला लागली होती, आणि वटपौर्णिमेला बायका बोलवायला आल्या तेव्हा तिने सरळ सांगितलं, यंदा नाही. कुंकू तिने पुसलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

त्याची बोट बॅलार्ड पिअरवरून सुटणार होती. आई येईल असं मला वाटलं नव्हतं. वडील गेल्यापासून तिने बंदराच्या बाजूला पाऊल टाकलेलं नव्हतं, कोकणात जायची वेळ आली तरी ती एस.टी.नेच जायची. पण ती चांगलं लुगडं नेसून निघाली. सखारामने तिथेही सांगितलं, "मावशे, मी जातंय. सांगून जातंय." तिने त्याच्या हातात लाडवांचा डबा दिला आणि म्हणाली, "लग्न कर. बायलेचा नाव पोरांक सांग."

तो वर चढला. कठड्याशी येऊन त्याने हात उंच केला आणि आम्हाला हाक मारली. मी हात हलवला. आईने हलवला नाही, म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. बोटीवर दोर ओढणारे, शिडी उचलणारे खलाशी होते, ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. एकाचं बघून झालं की पुढच्याचं. म्हाताऱ्यांकडे जरा जास्त वेळ.

सखारामच्याही ते लक्षात आलं. त्याने हात खाली घेतला. मग तोही मान वळवून, कठड्यावरून वाकून, त्या खलाशांचे चेहरे बघायला लागला. बोट लांब गेली तरी दोघं बघत होती, ती इकडून आणि तो तिकडून.